निवडणुकीची ऑर्डर आली: पहिल्या प्रशिक्षणापासून मशीन जमा करेपर्यंत

मतदान केंद्रावर काम करायला आपल्याकडे अर्ज करत नाहीत, ऑर्डर येते. सहसा जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. ते लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २६ खाली केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी नेमतात. कलम १५९ मुळे सरकारी कार्यालयं, जिल्हा परिषदा, विद्यापीठं, सरकारी कंपन्या, अनुदानित संस्था अशा सगळ्यांकडून माणसं मागता येतात. म्हणून या कामात शिक्षक सर्वांत जास्त, त्यांच्यासोबत तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले, विमा कंपनीतले आणि कृषी विभागातले लोक. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झालं. केंद्रं लाखाच्या वर होती. एका केंद्राला चार माणसं धरली आणि राखीव टीम सोडून दिल्या, तरी चार लाखांच्या पुढे माणसं लागली. तेव्हा यादीत आपलं नाव आलं यात नवल काही नाही.

सरकारी नोकरीत नसलेल्या माणसाला आतून हे काम बघायचं असेल तर वाट वेगळी आहे. एखाद्या उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी होता येतं. नमुना १० भरून उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी नेमणूक करतो. पक्षाशी संबंध नको असेल तर दिव्यांग आणि वृद्ध मतदारांच्या मदतीला स्वयंसेवक घेतात. त्यात राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं बरीच असतात. टेबलामागे बसायला मात्र ऑर्डरच लागते, आणि पुढचं सगळं ती ऑर्डर मिळालेल्यांसाठी आहे.

ऑर्डर वाचताना

आधी पद बघा: केंद्राध्यक्ष (आपल्या बोलण्यातले पीआरओ), पहिले मतदान अधिकारी की इतर मतदान अधिकारी. पहिल्या अधिकाऱ्याने केंद्राध्यक्षाचं कामही शिकून घ्यावं. ऐन वेळी केंद्राध्यक्ष आजारी पडले तर खुर्ची बहुधा त्याच्याकडेच येते.

दुसरं, निवडणूक कोणती ते बघा. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्हींचे नमुने, पाकिटं, भत्ते वेगळे. स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) नसतं, आणि बहुसदस्यीय प्रभाग असेल तर एकच मतदार एकापेक्षा जास्त मतं देतो. मागच्या वेळचं ज्ञान तसंच्या तसं वापरायला जाल तर गोंधळ होईल. हा लेख लोकसभा-विधानसभेच्या पद्धतीवर आहे.

ड्युटी रद्द करून घ्यायची असेल तर कारण खरं आणि कागद पक्के हवेत. गंभीर आजार, गरोदरपण, तान्हं बाळ, दिव्यांगत्व यांचा विचार होतो. पहिल्या प्रशिक्षणाच्या आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘साहेबांशी बोलून ठेवलंय’ यावर विसंबू नका. गैरहजर राहिल्यास कलम १३४ खाली दंड पाचशे रुपयांपर्यंतच आहे, पण खरी डोकेदुखी कारणे दाखवा नोटीस आणि खात्याच्या चौकशीची. कलम २८अ नुसार या काळात तुम्ही निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर असता. मुख्याध्यापकांनी ‘शाळेत काम आहे, जाऊ नका’ म्हटलं तरी ते चालत नाही.

प्रशिक्षण: मशीनला हात लावल्याशिवाय उठू नका

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये दोन-तीनशे माणसं, पुढे पडद्यावर स्लाइड, मागच्या रांगेत गप्पा. नियम पुस्तिकेत सापडतात, ते रात्री घरी वाचता येतील. हॉलमधून घेऊन जायची गोष्ट म्हणजे हाताची सवय. बॅलट युनिटची (मतदार ज्यावर बटण दाबतो) केबल व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची केबल कंट्रोल युनिटला (अधिकाऱ्याच्या टेबलावरचं, मतं साठवणारं), हे स्वतः जोडा आणि सोडवा. व्हीव्हीपॅटच्या मागचा नॉब मतदानाच्या वेळी उभा आणि प्रवासात आडवा असतो. तो आडवा ठेवून मशीन चालू केल्यामुळे ‘मशीन बंद पडलं’ म्हणून झोनलला, म्हणजे क्षेत्रीय अधिकाऱ्याला, फोन जातात, हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारून बघा.

त्याच दिवशी स्वतःच्या मताची सोय करा. टपाली मतासाठी नमुना १२ आणि ड्युटीच्याच केंद्रावर मत द्यायला नमुना १२अ. नमुना १२अ चा उपयोग तुमची ड्युटी तुम्ही मतदार असलेल्या मतदारसंघातच असेल तरच. विधानसभेला ड्युटी सहसा दुसऱ्या मतदारसंघात लागते, तेव्हा नमुना १२ भरून प्रशिक्षणाच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रात मत देऊन मोकळं व्हावं. यादी भाग आणि अनुक्रमांक आधीच लिहून न्या. एवढ्यावरून शेकडो अर्ज अडकतात, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या बोटाला शाई लावणाऱ्याचं स्वतःचं मत राहून जातं.

केंद्र कोणतं हे आधी कळणार नाही. संगणकावर सरमिसळ तीनदा होते आणि गावाचं नाव शेवटच्या फेरीनंतर, साहित्य वाटपाच्या वेळी हातात येतं. ‘जवळचं मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजू नका.

साहित्य वाटप

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मंडपात आपला टेबल नंबर शोधायचा, टीम गोळा करायची, पिशवी ताब्यात घ्यायची. मंडपात माइकवरून नावं पुकारली जात असतात, एसटीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतात, आणि प्रत्येकाला आपली बस आधी सुटावी असं वाटतं. तरीही खाली बसकण मारून यादीप्रमाणे साहित्य मोजा. केंद्रावर पोचल्यावर कमी पडलेली वस्तू मिळायला झोनलची गाडी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्यांच्याकडे दहा-बारा केंद्रं असतात.

जीव ओतून तपासायच्या गोष्टी थोड्याच आहेत. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक आणि त्यांच्यावरच्या टॅगवर तुमचंच केंद्र. बॅलट युनिटवरची मतपत्रिका, नावांचा क्रम. मतदार यादीच्या चिन्हांकित प्रतीची सगळी पानं, पुरवणी यादीसकट, आणि सगळ्या प्रती सारख्या आहेत का. ग्रीन पेपर सील, स्ट्रिप सील, स्पेशल टॅग आणि पिंक पेपर सील यांचे अनुक्रमांक वहीत उतरवून घ्या. १७ए नोंदवही (मत द्यायला आलेल्यांची नोंद), १७सी चे पुरेसे नमुने (पडलेल्या मतांचा हिशेब), प्रदत्त मतपत्रिका (ज्याच्या नावावर आधीच मत पडलंय त्याच्यासाठी), धातूचा शिक्का, मॉक पोलचा (सरावाच्या मतदानाचा) रबरी शिक्का, काळी पाकिटं. शाईच्या बाटल्यांची झाकणं घट्ट आहेत का बघा. ही शाई म्हैसूरची सरकारी कंपनी बनवते आणि १९६२ पासून आपल्या निवडणुकीत आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, सांडली की शर्ट गेला.

मशीन मात्र मंडपात जोडून ‘बघू चालतं का’ करू नका. ती तपासणी तज्ज्ञांनी केलेली असते. तुमच्या चाचणीची वेळ उद्या पहाटे साडेपाचची.

स्वतःच्या पिशवीत चादर, टॉर्च, डासांची अगरबत्ती, गोळ्या, मोबाइलचा चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड, दोन-तीन जास्तीचे बॉलपेन, कटर, सुतळी, काडेपेटी, मेणबत्ती. लाख वितळवायला मेणबत्ती लागतेच, आणि सरकारी पिशवीतली रात्री लाइट गेल्यावरच संपते.

बसमधून थेट केंद्रावर. वाटेत कुणाच्या घरी चहाला नाही, मशीन कुणाच्या भरवशावर नाही. नंदुरबारमध्ये नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या ठिकाणी टीमला बोटीने जावं लागतं, गडचिरोलीत काही टीम हेलिकॉप्टरने आधीच तळावर पोचतात आणि संवेदनशील भागात मतदान दुपारी तीनलाच संपतं. तुमच्या वाट्याला खड्ड्यांचा रस्ता आला असेल तर स्वस्तात सुटलात.

संध्याकाळी केंद्राची मांडणी

शाळेची खोली, पाय हलणारी टेबलं, भिंतीवर पाढे. आधी भिंतीवर एखाद्या पुढाऱ्याचा फोटो, पक्षाचं चिन्ह किंवा उद्घाटनाची कोनशिला दिसते का बघून झाकून टाका. बाहेर केंद्राच्या हद्दीचा फलक, उमेदवारांची यादी आणि शंभर मीटरची खूण.

मतदान कक्ष खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ करून. त्यावर ट्यूबलाइट किंवा बल्ब थेट नको, ऊनही नको. प्रखर उजेड व्हीव्हीपॅटच्या सेन्सरला सोसत नाही आणि सकाळी दहाला ऊन सरकलं की एरर येते. म्हणून उद्या सकाळी ऊन कुठून येणार हे आजच गावकऱ्यांना विचारा. केबल पायात येणार नाही अशी टेबलाच्या पायाला बांधा, पण ताणू नका.

बसण्याचा क्रम मतदाराच्या वाटेने. दारातून आल्यावर पहिले अधिकारी यादी घेऊन. त्यांच्याजवळ दुसरे अधिकारी शाई आणि १७ए घेऊन. मग तिसरे अधिकारी कंट्रोल युनिट घेऊन, तिथून मतदान कक्ष आणि शेवटी बाहेरचा दरवाजा. प्रतिनिधींना अशी जागा द्या की मतदाराचा चेहरा दिसेल, कक्षातलं काही दिसणार नाही.

रात्री गावातून जेवणाचे आग्रह येतात. तुम्ही ज्याच्या घरी जेवाल तो कुणाचा माणूस आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं, तुम्हालाच नसतं. शाळेतल्या पोषण आहाराच्या ताईंना पैसे देऊन स्वयंपाक सांगा आणि केंद्रातच जेवा. झोपण्याआधी जी पाकिटं उद्या लागणार त्यांच्यावर मतदारसंघ, केंद्र क्रमांक, तारीख लिहून टाका. १७सी चा वरचा भागही आज भरता येतो. रात्री जाणारा हा तासभर उद्या संध्याकाळी दोन तास वाचवतो.

पहाटेचा दीड तास

संपूर्ण ड्युटीत काही बिघडायचं असेल तर ते इथे बिघडतं. मतदान सातला असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल, साडेपाचला. किमान दोन उमेदवारांचे प्रतिनिधी हवेत. नसतील तर पंधरा मिनिटं थांबा, मग सुरू करा आणि प्रमाणपत्रात तसं नोंदवा. किमान पन्नास मतं. प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कोणी कोणाला किती दिली ते एकजण कागदावर टिपत राहतो.

मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. शिक्षकांच्या भाषेत सीआरसी. रिझल्ट टिपलेल्या आकड्यांशी आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी जुळवायचा. आता टोटल दाबून शून्य आलेलं प्रत्येक प्रतिनिधीला दाखवा, नुसतं ‘झालं’ म्हणू नका. व्हीव्हीपॅटच्या पेटीतून चिठ्ठ्या काढा. चालू होताना यंत्र स्वतःच्याही काही चिठ्ठ्या छापतं, त्याही निघाल्या पाहिजेत. हात आत घालून कोपरे चाचपा, टॉर्च मारा. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात, पाकिटाला लाखेचं सील, ते प्लॅस्टिकच्या डबीत आणि डबीला पिंक पेपर सील.

एवढा सोपस्कार कशाला, तर मतमोजणीच्या दिवशी दर विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मशीनशी ताडून बघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एप्रिलमध्ये तसा आदेश दिला. तुमचं केंद्र निघालं आणि पेटीत मॉकची एक चिठ्ठी जास्त सापडली, तर बातमी होते. मॉकचा डेटा क्लिअर न केलेलं कंट्रोल युनिट तर मोजणीच्या टेबलावरून बाजूलाच ठेवावं लागतं.

प्रमाणपत्रावर सह्या झाल्या की कंट्रोल युनिट बंद करा आणि सीलिंगला लागा. इथे हळू. ग्रीन पेपर सीलच्या पांढऱ्या बाजूवर तुमची आणि प्रतिनिधींची सही, मग ते रिझल्ट विभागाच्या आतल्या दाराच्या फटीत असं बसवायचं की हिरवी बाजू खिडकीतून दिसेल आणि दोन्ही टोकं बाहेर येतील. फाटलं तर दुसरं घ्या, पण फाटलेलं टाकून देऊ नका. त्याचा हिशेब १७सी मध्ये द्यावा लागतो. आतलं दार स्पेशल टॅगने बंद. बाहेरच्या दारावरून स्ट्रिप सील: ए, बी, सी, डी अशा चार चिकट जागा आहेत, एकेक वरचा कागद काढत ग्रीन सीलची टोकं त्यात पकडत गोल फिरवायचं. क्लोज बटणाची टोपी सीलखाली झाकली जाणार नाही हे बघा, संध्याकाळी ते बटण लागणार आहे. व्हीव्हीपॅटच्या पेटीला अ‍ॅड्रेस टॅग.

सातला पाच मिनिटं असताना मतदानाच्या गोपनीयतेबद्दलचं कलम १२८ मोठ्याने वाचून दाखवा आणि केंद्राध्यक्षाच्या घोषणापत्रावर सह्या घ्या. १७ए च्या पहिल्या नोंदीआधी ‘कंट्रोल युनिटची टोटल तपासली, शून्य आहे’ असं लिहून सही. मग पहिला मतदार.

चौघांचं काम

पहिले अधिकारी ओळखपत्र बघतात, नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतात. प्रतिनिधींना ऐकू गेलं पाहिजे. हरकत नसेल तर चिन्हांकित प्रतीत त्या मतदाराच्या चौकटीवर लाल शाईने तिरपी रेघ, महिला असेल तर शिवाय अनुक्रमांकाला गोल. बाजूच्या कागदावर पुरुष-महिला अशा काड्या मारत राहायचं, दर दोन तासांनी आकडे द्यावे लागतात.

मतदार कार्ड नसेल तर आयोगाने मान्य केलेली इतर कागदपत्रं चालतात: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा टपालाचं पासबुक, पेन्शनचा फोटो असलेला कागद, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांग ओळखपत्र वगैरे. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा नाही. अनिवासी भारतीय म्हणून नोंदणी असलेल्या मतदाराला, म्हणजे दुबईहून मुद्दाम आलेल्या एखाद्याला, मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो.

दुसरे अधिकारी डाव्या हाताची तर्जनी बघतात, तेलकट असेल तर कापडाने पुसतात आणि नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढतात. नुसता ठिपका नको. मग १७ए मध्ये नोंद, सही किंवा अंगठा, आणि मतदार चिठ्ठी. क्रम असा ठेवा की सही होईपर्यंत शाई वाळते. तर्जनी नसेल तर पुढचं बोट. फेरमतदान असेल तर डाव्या हाताचं मधलं बोट, कारण तर्जनीवर आधीची शाई असतेच.

तिसरे अधिकारी चिठ्ठी घेतात, बोटावरची शाई पुन्हा बघतात आणि बॅलट बटण दाबतात. चिठ्ठीच्या क्रमानेच सोडायचं. कक्षातून लांब बीप येईपर्यंत पुढचं बटण नाही. व्हीव्हीपॅटमधली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. म्हातारी माणसं बीप व्हायच्या आत बाहेर येतात. त्यांना बसूनच मोठ्याने सांगा, ‘आजी, आवाज येईपर्यंत थांबा.’ उठून कक्षाकडे जाऊ नका.

केंद्राध्यक्षाने फिरत राहावं, पण डायरी हाताशी. ‘संध्याकाळी निवांत भरू’ म्हणाल तर निवांत वेळ येत नाही. नऊ, अकरा, एक, तीन, पाच. प्रत्येक वेळी टोटल बटण दाबा, १७ए चा शेवटचा क्रमांक बघा, जुळलं की डायरीत लिहा आणि ॲपवर भरा. दोन तासांत फरक पडला तर शोधता येतो, अकरा तासांनी पडलेला शोधता येत नाही.

जेवायला एकेकाने. मतदान थांबवायचं नाही.

नेहमीपेक्षा वेगळे मतदार

यांच्यामुळे घाम फुटतो, म्हणून प्रत्येकाचं उत्तर आधीच पाठ असू द्या.

‘माझ्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलंय.’ ओळख पटली तर त्याला परत पाठवायचं नाही आणि मशीनवरही सोडायचं नाही. त्याला प्रदत्त मतपत्रिका, ती कागदी असते, बाणफुलीच्या शिक्क्याने मत, पाकिटात बंद, नमुना १७बी मध्ये नोंद. १७ए मध्ये नाही.

प्रतिनिधी म्हणतो, ‘हा तो माणूस नाहीच.’ आक्षेपाची फी दोन रुपये. आधी पैसे घ्या, मग चौकशी. दोन रुपये मागितले की निम्मे आक्षेप तिथेच विरतात. आक्षेप खरा निघाला तर मतदार पोलिसांकडे, खोटा निघाला तर मत देऊ द्यायचं.

अंध किंवा अशक्त मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो. सोबत्याकडून घोषणापत्र घ्या, नमुना १४अ मध्ये नोंद करा, त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शाई लावा. एका सोबत्याला दिवसात एकाच मतदाराबरोबर जाता येतं. गावातला एखादा कार्यकर्ता सकाळपासून तिसऱ्या आजीला धरून आणतो, त्याचं उजवं बोट बघा. अंध मतदाराला एकट्याने मत द्यायचं असेल तर बॅलट युनिटवर ब्रेल अंक आहेत, त्याला तसं सांगा.

यादीत नावापुढे ‘पीबी’ असेल तर त्याला टपाली मतपत्रिका दिलेली आहे. पंच्याऐंशी वर्षांवरच्या आजोबांनी घरून मत दिलेलं असतं आणि नातू हौसेने पुन्हा घेऊन येतो. समजावून परत पाठवा. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी वेगळी यादी मिळते. त्यातला कुणी आलाच तर ओळख काटेकोर तपासा आणि सहीबरोबर अंगठाही घ्या.

१७ए वर सही केल्यावर ‘मला मत द्यायचं नाही’ म्हणणाऱ्यावर जबरदस्ती नाही. शेऱ्यात नोंद आणि त्याची सही. बटण दाबल्यानंतर तो मत न देताच बाहेर आला तर पुढच्या मतदाराला त्याच सोडलेल्या मतावर पाठवा, दुसऱ्यांदा बटण दाबू नका.

आणि सर्वांत अवघड: ‘मी एकाला दिलं, चिठ्ठी दुसऱ्याची आली.’ आवाज चढू देऊ नका. नियम ४९एमए समजावून सांगा: लेखी घोषणापत्र द्यावं लागेल, ते खोटं ठरलं तर गुन्हा आहे. तरीही तो ठाम असेल तर लिहून घ्या, १७ए मध्ये त्याची दुसरी नोंद करा आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत द्यायला लावा, चिठ्ठी स्वतः बघा. त्याचं म्हणणं खरं निघालं तर मतदान तिथेच थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. खोटं निघालं तर ते चाचणी मत कुणाला गेलं याची नोंद १७ए आणि १७सी दोन्हींत. ती विसरलात तर संध्याकाळी एका मताचा फरक पडेल.

मशीन अडलं तर

आधी नॉब, मग केबल, मग कंट्रोल युनिट बंद करून चालू. तरी नाही तर झोनलला फोन आणि मधला काळ डायरीत. बदलायचं काय हे नियमाने ठरतं, सोयीने नाही. मॉकमध्ये बिघाड झाला तर बिघडलेलं युनिटच बदला. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर फक्त व्हीव्हीपॅट गेलं तर तेवढंच बदला, नवा मॉक नको. पण कंट्रोल किंवा बॅलट युनिट गेलं तर तिन्हींचा संच बदलायचा आणि नोटासकट प्रत्येकाला एकेक मत टाकून छोटा मॉक घ्यायचा, त्याचंही क्लिअर, चिठ्ठ्या, सील सगळं. जुन्या संचातली मतं तशीच सुरक्षित असतात. बाहेर रांगेला हे स्वतः जाऊन सांगा. खोळंबलेले लोक अफवा ऐकण्यापेक्षा तुमचं ऐकतील.

सहा वाजता

पावणेसहाला बाहेर घोषणा. सहाला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तुमच्या पूर्ण सहीची, क्रमांक घातलेली चिठ्ठी. वाटायला सुरुवात शेवटच्या माणसापासून. एक नंबर रांगेच्या शेपटाला, मग पुढे येत जायचं. पुढून सुरुवात केली तर तुम्ही मागे पोचेपर्यंत रांगेला दहा जण चिकटलेले असतात. पोलीस शेवटच्या माणसामागे उभा करा. किती चिठ्ठ्या वाटल्या ते डायरीत लिहा. २०२४ च्या विधानसभेनंतर सहानंतरच्या मतदानावरून बराच वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. तुमच्या केंद्रापुरता आकडा तुमच्याकडे लिहिलेला असू द्या.

शेवटचा मतदार गेला की टोटल दाबून लिहून घ्या आणि सगळ्यांसमोर क्लोज. दमलेल्या टीमकडून हे बटण राहून जातं. म्हणून एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने ‘क्लोज केलं का?’ विचारायचं, असं आधीच ठरवून टाका. १७ए च्या शेवटच्या नोंदीखाली रेघ, ‘शेवटचा अनुक्रमांक अमुक’ असं लिहून तुमची आणि प्रतिनिधींची सही.

मग १७सी. १७ए तली एकूण संख्या, त्यातून मत न दिलेले वजा, चाचणी मत असेल तर त्याचा हिशेब, आणि उरलेला आकडा कंट्रोल युनिटच्या टोटलशी. जुळलं नाही तर खाडाखोड करून जुळवू नका, जे आहे ते लिहा आणि कारण द्या. प्रत्येक प्रतिनिधीला सही केलेली प्रत, त्याची पोच. प्रतिनिधी घाईत निघून जातात, दारात गाठून द्या. मोजणीच्या दिवशी तोच कागद घेऊन ते टेबलासमोर बसतात.

कंट्रोल युनिट बंद, केबल सोडवा, व्हीव्हीपॅटचा नॉब आडवा, त्याची बॅटरी काढून घ्या. कंट्रोल युनिटची बॅटरी काढू नका. तिन्ही पेट्यांत भरून अ‍ॅड्रेस टॅग आणि सील. पाकिटं वैधानिक आणि बिगरवैधानिक अशी दोन ढिगांत. १७सी, डायरी, मॉकचं प्रमाणपत्र आणि घोषणापत्रं मात्र मोठ्या पाकिटात गाडून टाकू नका. हातातल्या पिशवीत वेगळी ठेवा, स्वीकृती केंद्रावर सगळ्यात आधी तीच मागतात.

जमा करताना

रात्री नऊ-दहाला स्वीकृती केंद्रावर जत्रा असते. टीम एकत्र ठेवा. एकजण सामान धरून, एकजण रांगेत, केंद्राध्यक्ष कागद घेऊन टेबलावर. तिथल्या माणसाने डायरीतला कोरा रकाना दाखवला तर वाद घालू नका, तिथेच लिहा. पोचपावती घेतल्याशिवाय कुणालाही घरी सोडायचं नाही. परतीच्या बसचा नंबर सकाळीच टिपलेला असेल तर मैदानभर शोधत फिरावं लागत नाही.

मानधन ऑगस्ट २०२५ मध्ये वाढलं: केंद्राध्यक्षाला दिवसाला पाचशे, मतदान अधिकाऱ्याला चारशे रुपये. ते खात्यात येणार असेल तर बँकेचे तपशील पहिल्या प्रशिक्षणातच नीट भरा. आयएफएस कोडमधल्या एका अक्षरासाठी मार्चपर्यंत चकरा मारणारे लोक मी बघितले आहेत.

उपस्थिती प्रमाणपत्राची प्रत शाळेत किंवा कार्यालयात द्यायला ठेवा. दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी आणि निरीक्षक १७ए आणि डायऱ्यांची छाननी करतात. तुमच्या केंद्राबद्दल काही विचारायचं असेल तर फोन तेव्हाच येतो. त्यामुळे झोपताना फोन बंद करू नका.